मुक्तसंचार अंडीव्यवसायाचा विस्तार आणि नियोजन परवानगी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडच्या ग्रामीण भागात, विशेषतः वेल्सच्या सीमेलगतच्या हेरफर्डशर आणि श्रॉपशर या परगण्यांत, मुक्तसंचार पद्धतीने अंड्यांच्या कोंबड्या पाळणारा शेतकरी दुसरी शेड उभारण्यासाठी अर्ज करतो, तेव्हा त्या अर्जाभोवती उठणारा वाद बऱ्याच अंशी समजुतींवर पोसलेला असतो. अर्जदाराच्या बाजूने बोलणाऱ्यांना वाटते की शेती ही शेतीच, तिला परवानगी कशाला. विरोध करणाऱ्यांना वाटते की गावाने एकमुखाने नकार दिला की अर्ज आपोआप बारगळेल. दोन्ही बाजूंची नजर कोंबड्यांवर खिळलेली असते आणि ज्या गोष्टीवर अशा अर्जांचे भवितव्य आता अधिकाधिक ठरू लागले आहे, ती कोंबडखताची विल्हेवाट, चर्चेत शेवटी येते किंवा येतच नाही.

नियोजन परवानगी म्हणजे जमिनीवर बांधकाम करण्यास किंवा जमिनीचा वापर लक्षणीयरीत्या बदलण्यास स्थानिक परिषदेने दिलेली मान्यता, आणि तिचा इंग्लंडमधील मूळ आधार म्हणजे 1990 चा नगर व ग्राम नियोजन कायदा. महाराष्ट्रातील वाचकाला ओळखीच्या असलेल्या बिनशेती परवानगीशी तिची गल्लत होऊ नये, कारण येथे जमीन शेतीचीच राहते आणि तरीही तिच्यावरील इमारतीला परवानगी लागू शकते. या कायद्यानुसार शेतीसाठी जमीन वापरणे हा मुळात 'विकास' ठरत नाही आणि शेतीच्या व्याख्येत अन्नासाठी प्राणी-पक्षी पाळणे स्पष्टपणे समाविष्ट आहे. म्हणून गवताच्या कुरणात कोंबड्या सोडणाऱ्याला परवानगी मागावी लागत नाही, पण त्याच कोंबड्यांसाठी शेड बांधणे हा विकास ठरतो. 'शेतीला परवानगी लागत नाही' या समजुतीत अर्धे सत्य आहे ते एवढेच.

उरलेल्या अर्ध्याचा गोंधळ आणखी एका तरतुदीमुळे होतो. पाच हेक्टर किंवा त्याहून मोठ्या शेतीघटकावर ठरावीक आकारापर्यंतची शेतीची इमारत, परिषदेला पूर्वसूचना देऊन पण पूर्ण अर्ज न करता, उभारता येते आणि ही मर्यादा मे 2024 मध्ये 1,000 चौरस मीटरवरून 1,500 चौरस मीटरपर्यंत वाढवण्यात आली. मात्र जनावरे किंवा पक्षी ठेवण्याची इमारत त्या शेतीघटकाबाहेरच्या राहत्या घराच्या आवारापासून 400 मीटरच्या आत येत असेल, तर ही सवलत मिळत नाही. याच आकड्यावरून '400 मीटरच्या आत कोंबड्यांची शेड बांधण्यास बंदी आहे' हा गैरसमज गावोगाव पसरला आहे. प्रत्यक्षात 400 मीटर ही बंदीची रेषा नाही. तिच्या आत सवलत संपते आणि रीतसर अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज गुणवत्तेवर मंजूरही होऊ शकतो. उलट 400 मीटरच्या पलीकडे असले म्हणजे मोकळे रान मिळाले असेही नाही, कारण पर्यावरणावर लक्षणीय परिणाम होण्याची शक्यता असलेल्या बांधकामाला ही सवलत लागू होत नाही. सघन पशुपालनाच्या 500 चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाबाबत तशी शक्यता आहे का, हे परिषदेला आधी तपासावे लागते. या तपासणीला छाननी म्हणतात, आणि विस्ताराच्या प्रस्तावात ती करताना नव्या शेडबरोबर विस्तारानंतरचा संपूर्ण व्यवसाय विचारात घ्यावा लागतो. अंड्यांच्या 60,000 हून अधिक कोंबड्यांची सोय असणाऱ्या प्रकल्पासाठी छाननीचा प्रश्नच उरत नाही, तेथे पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन सक्तीचे आहे.

विस्तार म्हणजे नवी इमारत, हे गृहीतही नेहमी बरोबर नसते. इमारतीच्या केवळ अंतर्भागातील काम कायद्याने विकास मानले जात नाही, त्यामुळे एकमजली मांडणी काढून तेथे बहुमजली मांडणी, म्हणजे कोंबड्यांना चढता-उतरता येईल असे एकावर एक जाळीचे मजले, बसवले तर त्याच छपराखाली कोंबड्यांची संख्या बरीच वाढू शकते आणि साधारणपणे त्यासाठी नवी परवानगी लागत नाही, जर मूळ परवानगीतच कोंबड्यांच्या संख्येची अट घातलेली नसेल. जागरूक ग्रामस्थाने परिषदेच्या दप्तरातील जुन्या परवानगीच्या अटी वाचणे हे शंभर हरकतपत्रे गोळा करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते, ते या कारणाने.

आता मुक्तसंचार या शब्दाकडे वळले पाहिजे, कारण सर्वांत खोल रुजलेला गैरसमज त्याच्याशी निगडित आहे. अंड्यावर छापलेल्या क्रमांकातील पहिला अंक 1 असेल तर ते मुक्तसंचार पद्धतीचे, 0 असेल तर सेंद्रिय, 2 असेल तर बंदिस्त पण पिंजराविरहित शेडमधले आणि 3 असेल तर पिंजऱ्यातले, अशी ही खूण आहे. मुक्तसंचाराच्या नियमानुसार कोंबडीला दिवसा सतत बाहेर जाण्याची वाट खुली असली पाहिजे, बाहेर हेक्टरी 2,500 पेक्षा अधिक कोंबड्या नसाव्यात आणि आत वापरण्याजोग्या जागेच्या प्रत्येक चौरस मीटरला नऊपेक्षा अधिक नसाव्यात. 16,000 कोंबड्यांच्या शेडला त्यामुळे 6.4 हेक्टर, म्हणजे सुमारे 16 एकर, कुरण लागते आणि शेड दुप्पट केली की ते 12.8 हेक्टर होते. हे सर्व नियम कोंबडीच्या कल्याणासाठी आहेत आणि त्या दृष्टीने ते मोलाचे आहेत. परंतु पिंजऱ्यातून सुटलेली कोंबडी नदीलाही निरुपद्रवी असेल, असा त्यातून काढला जाणारा अर्थ नियमांत कोठेही नाही.

शेडच्या भिंतीच्या तळाशी कोंबड्यांना बाहेर पडण्यासाठी किमान 35 सेंटिमीटर उंच आणि 40 सेंटिमीटर रुंद झरोके असतात, आणि त्यांच्यासमोरची जमीन पाहिली तर मुक्तसंचाराचे प्रत्यक्ष रूप कळते. कोंबडी ही मूळची जंगली झाडोऱ्यातील पक्षीण असल्यामुळे उघड्या माळावर ती बिचकते. झाडे नसतील तर बहुतेक कोंबड्या भिंतीजवळच्या काही मीटरच्या पट्ट्यातच उकरत राहतात, तेथील गवत नाहीसे होते, पावसाळी हिवाळ्यात त्याचा चिखल होतो आणि विष्ठेतील नत्र व स्फुरद त्याच पट्ट्यात साचत जाते, तर कागदावर हिशेबात धरलेले 16 एकर कुरण दूरवर जवळजवळ कोरे राहते. जाणते कोंबडीपालक म्हणूनच झरोक्यांसमोर दगडगोट्यांचा निचरा होणारा पट्टा करतात आणि कुरणात झाडे लावतात. झाडांच्या आडोशाने कोंबड्या दूर पांगतात आणि हवेतील अमोनियाचा काही अंश पानांवर अडतो.

तरीही विष्ठेचा मोठा वाटा शेडच्या आतच पडतो, कारण कोंबडी रात्रभर आत असते आणि दाणापाणीही आतच असते. एक अंड्याची कोंबडी दिवसाला 100 ग्रॅमहून अधिक ओली विष्ठा टाकते, म्हणजे 32,000 कोंबड्यांमागे रोज तीन टनांहून अधिक. आधुनिक शेडमध्ये मजल्यांखालून सरकते पट्टे जातात आणि त्यांवरचे खत आठवड्यातून दोनदा बाहेर काढले तर ते ओलसर पडून कुजण्याआधीच निघते, त्यामुळे अमोनिया बराच कमी होतो. ही बाब नगण्य नाही. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल ज्या जीववर्गातले आहे, त्या वर्गातील इंग्लंडच्या जुन्या वनांमधल्या प्रजातींसाठी हवेतील अमोनियाची सुरक्षित पातळी प्रति घनमीटर अवघी 1 मायक्रोग्रॅम मानली जाते, आणि शेडजवळ असे संरक्षित वन असेल तर वाऱ्याच्या दिशेचे गणित मांडून ही पातळी ओलांडली जाणार नाही हे अर्जदाराला दाखवावे लागते.

पण पट्ट्यावरून बाहेर निघालेले खत पुढे कुठे जाते? मध्य वेल्सच्या डोंगरात उगम पावून हेरफर्डशरमधून वाहणाऱ्या आणि चेपस्टोजवळ सेव्हर्नला मिळणाऱ्या वाय नदीने हा प्रश्न साऱ्या देशापुढे मांडला आहे. या नदीच्या पाणलोट क्षेत्रात दोन कोटींहून अधिक कोंबड्या असल्याचा अंदाज वारंवार मांडला जातो. त्यांत मांसल कोंबड्यांचा वाटा मोठा असला तरी वरच्या अंगाला पॉविस परगण्यात मुक्तसंचार अंड्यांच्या शेडही मोठ्या संख्येने आहेत. लँकेस्टर विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील 2022 च्या अभ्यासाने दाखवले की या क्षेत्रात दरवर्षी सुमारे 3,000 टन स्फुरद पिकांच्या गरजेपेक्षा जास्त जमा होते, आणि त्याचा मुख्य स्रोत बाहेरून येणारे पशुखाद्य आहे. ते खाद्य कोंबडीच्या पोटातून खतात उतरते, खत शेतात पसरते आणि भरलेल्या मातीतून पावसाबरोबर स्फुरद नदीत येते, तेव्हा शैवाल माजून पाणी हिरवे होते आणि नदीची ओळख असलेली पांढऱ्या फुलांची जलवनस्पती प्रकाशाअभावी मरते. मे 2023 मध्ये 'नॅचरल इंग्लंड' या शासकीय संस्थेने नदीची अवस्था 'प्रतिकूल आणि ढासळती' अशी नोंदवली. एका शेडला यासाठी दोषी ठरवणे अन्यायाचे होईल, पण प्रत्येक शेडचा अर्ज वेगळा पाहून 'हिचा भार किरकोळ आहे' असे म्हणत राहिल्यानेच हा भार एवढा झाला, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

याच ठिकाणी आणखी एक गैरसमज आडवा येतो, तो असा की प्रदूषण पाहणे हे पर्यावरण यंत्रणेचे काम आहे आणि तिचा परवाना मिळाला की परिषदेने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही. हा परवाना मुळात 40,000 हून अधिक पक्ष्यांच्या जागा असतील तरच लागतो. 32,000 कोंबड्यांचा व्यवसाय त्याच्या कक्षेबाहेर राहतो, आणि तिसरी शेड बांधून संख्या 48,000 केली तरच तो कक्षेत येतो. प्रदूषणनियंत्रणाची व्यवस्था नीट काम करील असे परिषदेने गृहीत धरावे, असे राष्ट्रीय नियोजन धोरण सांगते हे खरे. पण ती व्यवस्था ज्या गोष्टीवर लागूच होत नाही तेथे हे गृहीत टिकत नाही. श्रॉपशरमधील ब्रिजनॉर्थजवळच्या टॅस्ली येथे मांसल कोंबड्यांच्या चार शेडना, एका वेळी 2,10,000 पक्ष्यांना, मिळालेली परवानगी अपील न्यायालयाने 2019 मध्ये याच कारणाने रद्द केली: यंत्रणेचा परवाना शेडच्या आवारापुरता होता, खत दुसऱ्यांच्या शेतांत पसरल्यावर उठणाऱ्या दुर्गंधीचे आणि धुळीचे मूल्यांकन कोणीच केले नव्हते, आणि ते पुढे केव्हातरी आखल्या जाणाऱ्या खतव्यवस्थापन योजनेवर सोडून देता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. निकाल मांसल कोंबड्यांच्या शेडबद्दल असला तरी अंड्यांच्या शेडमधून निघणाऱ्या खताला तेच तत्त्व लागू पडते.

गावाच्या विरोधाबद्दल थोडक्यात सांगता येईल. हरकतींची संख्या मोजून निर्णय होत नाही. स्थानिक आराखड्याशी प्रस्ताव जुळतो की नाही आणि नियोजनाशी संबंधित मुद्दे कोणते, हे पाहून होतो. घरांच्या किमती उतरतील हा मुद्दा त्यांत बसत नाही. वास, माश्या, अरुंद रस्त्यावरची वाहतूक आणि भूदृश्य हे मुद्दे बसतात. 16,000 कोंबड्यांना रोज साधारण दोन टन खाद्य लागते, त्यामुळे मालमोटारींचा हिशेब मांडणारे एक मुद्देसूद पत्र ठरावीक मजकुराच्या शेकडो पत्रांपेक्षा वजनदार ठरते. ग्रामपरिषदेचे मत विचारले जाते, निर्णय तिच्या हाती नसतो. नकार मिळाल्यास अर्जदाराला सहा महिन्यांत अपील करता येते. मंजुरी मिळाल्यास विरोधकाला अपील नाही, फक्त सहा आठवड्यांत उच्च न्यायालयात निर्णयाच्या कायदेशीरतेला आव्हान देता येते, आणि हा असमतोल अनेकांना वेळ टळून गेल्यावरच कळतो.

हेरफर्डशर परिषदेने 2024 मध्ये स्वीकारलेल्या खनिज व कचरा आराखड्यात पशुधनाच्या नव्या प्रस्तावांकडून खताच्या विल्हेवाटीचा आणि पोषकद्रव्यांच्या समतोलाचा हिशेब मागितला. शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, नॅशनल फार्मर्स युनियनने, खत हा कचरा नव्हे अशी भूमिका घेऊन त्याला आव्हान दिले आणि मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळले. शेतकऱ्याच्या दृष्टीने खत ही संपत्ती असते, ही भावना समजण्यासारखी आहे आणि ज्या जमिनीला स्फुरदाची गरज आहे तेथे ती अक्षरशः खरी आहे. 2018 पासून लागू असलेले शेती-जलनियमही मातीचाचणीवरून गरज ठरवून, जलप्रवाहापासून किमान 10 मीटर आणि झरा-विहिरीपासून 50 मीटर अंतर राखून खत टाकावे असेच सांगतात. त्यामुळे शेड वाढवू पाहणारा शेतकरी आता खत वाळवून पाणलोट क्षेत्राबाहेर पाठवण्याचा करार अर्जासोबत जोडतो. आणि ते खत ज्या शेतात उतरणार त्या शेताच्या मातीत स्फुरद आधीच किती आहे, हे त्याला परिषदेकडून विचारले जाऊ शकते.