गप्प बसलेले मूल

दत्तक घेतलेले लहान मूल परदेशी नेणाऱ्या आईबापांच्या तोंडी पहिल्या पंधरवड्यात बहुधा एक वाक्य असते. ‘सुरुवातीला फार रडली, आता मात्र अगदी शहाण्यासारखी राहते.’ हे ऐकून इकडच्या संस्थेला समाधान वाटते. हेच समाधान घातक ठरू शकते, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

क्षणभर त्या मुलीच्या ठिकाणी उभे राहून पाहावे. वय दोन वर्षे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेतील दालनात, इतर दहा-पंधरा मुलांच्या श्वासांच्या आवाजात ती आजवर झोपत आलेली. भरवणारा हात ओळखीचा, वरणभाताचा वास ओळखीचा. एके दिवशी दोन अनोळखी माणसे येतात आणि काही दिवसांत ती शिकागोसारख्या शहरात, डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार पडणाऱ्या घरात जाऊन पोहोचते. तिच्यासाठी स्वतंत्र खोली असते, खेळण्यांचा ढीग असतो. पण ती ‘मम’ म्हणते तेव्हा कोणीही पाणी आणण्यास उठत नाही. त्यांचा दोष नसतो. त्यांना तो शब्दच ठाऊक नसतो. चार दिवस आकांत करून ती गप्प होते. या गप्प होण्याला आपण रुळणे म्हणतो.

ते रुळणे नव्हे, हे सांगणारा पुरावा जुना आहे. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश संशोधकाने रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण केले. त्या काळी आईबापांना मुलाजवळ राहू देत नसत. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी अशा मुलांच्या वर्तनात तीन अवस्था नोंदल्या : प्रथम आकांत, मग हताशा आणि शेवटी अलिप्तता. तिसऱ्या अवस्थेतील मूल हसते, खाते, कोणाच्याही कडेवर जाते. म्हणूनच ते सुधारले असे परिचारिकांना वाटे. वास्तविक त्याने वाट पाहणे सोडलेले असे. वैद्यकीय वर्गाने आरंभी या चित्रपटाला विरोध केला; पण १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानंतर ब्रिटनमधील रुग्णालयांची दारे हळूहळू आईबापांसाठी उघडू लागली. त्या मुलीला आठ दिवसांनी आपले घर परत मिळाले. आपल्या मुलीला ते कधीच मिळणार नसते.

दत्तकाची आपली जुनी कल्पना वंशाची आणि गादीची. १८७५ साली कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला, तेव्हा आपले गाव, आपली माणसे त्याला पुरती ठाऊक होती. अनाथ बालकाचे हित डोळ्यांपुढे ठेवणारा विचार पुष्कळ उशिरा आला. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी लिहिलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी सविस्तर नियम घालून दिले. तीन वर्षांच्या आतच मूल परदेशी जावे, म्हणजे ते लवकर मिसळून जाईल, असेही त्या निकालात सुचविले होते. पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक यंत्रणा उभी राहिली आणि २००३ साली भारताने हेग कराराला मान्यता दिली. आज मूल परदेशी गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल यावा लागतो. हे सारे उचितच आहे. परंतु लहान मूल लवकर मिसळते यावरून ते मागचे पुसून टाकते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

या संदर्भात भाषेविषयीचे संशोधन उद्बोधक आहे. फ्रान्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तक व्यक्तींच्या मेंदूत जन्मभाषेची खूण सापडत नाही, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र २०१४ साली माँट्रियलच्या संशोधकांनी चीनमधून तान्ह्या वयात आलेल्या, केवळ फ्रेंच बोलणाऱ्या मुलींना चिनी भाषेतील स्वर ऐकविले, तेव्हा त्यांच्या मेंदूने चिनी जाणणाऱ्या मुलींसारखाच प्रतिसाद दिला. त्यांना त्या भाषेचा एक शब्दही आठवत नव्हता. आठवण नसणे आणि काहीच शिल्लक नसणे, या भिन्न गोष्टी आहेत.

मग करावे काय? परदेशी दत्तक बंद करा, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या मुलाला इथे घर मिळाले नाही त्याला ते उत्तर नव्हे. मुलाच्या कागदपत्रांत वजन, उंची, लसी यांची नोंद असते. तिच्यासोबत आणखी एक कागद जावा. मम म्हणजे पाणी, जोजो म्हणजे झोप, भुर्र म्हणजे बाहेर. तिला कोण भरवीत असे आणि रात्री दचकून उठली की ती कोणाला हाक मारी. सांभाळणाऱ्या बाईच्या आवाजातील अंगाई ध्वनिमुद्रित करून द्यावी. न धुतलेले पांघरूण द्यावे. तिचे नाव बदलू नये. नव्या आईबापांनी संस्थेत काही दिवस राहून त्याच बाईच्या हातून तिला आपल्या हाती घ्यावे. घरी गेल्यावर पाहुण्यांची रीघ थोपवावी, पहिले काही महिने तिला जवळ निजवावे. याला खर्च जवळजवळ नाही. आईबाप परदेशस्थ मराठी असले तरी त्यांनाही यातून सूट नाही. भाषा ओळखीची असली तरी माणसे तिला परकीच.

तिने पाठ फिरविली, ताटातली पोळी उशीखाली लपविली, बापाला बिलगून आईला दूर लोटले, तरी नव्या आईने तो आपला पराभव मानू नये. तिच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा तर मुळीच करू नये. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी आई दाराबाहेर पडताच ती पुन्हा ओक्साबोक्शी रडू लागेल. तिच्या रडण्याला आता कोणीतरी आपले माणूस सापडले आहे, हे ओळखावे आणि इकडच्या संस्थेला जो पहिला अहवाल पाठवायचा, त्यात ते अवश्य नोंदवावे.