सेंच्युरियनचा निकाल आणि नागपूरचा सौदा

जानेवारी 2000 मध्ये सेंच्युरियन कसोटीचे तीन दिवस पावसात वाहून गेले असता, दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने डाव सोडून देऊन इंग्लंडपुढे 249 धावांचे आव्हान ठेवले, आणि इंग्लंडने दोन गडी राखून विजय मिळविला तेव्हा त्याच्या खिलाडू वृत्तीची मुक्तकंठाने प्रशंसा झाली. परंतु सामना अनिर्णित राहू नये, एवढ्याच अपेक्षेने एका सट्टेबाजाने त्यास रोख रक्कम व चामड्याचे जाकीट पोहोचते केले होते, ही हकीकत पुढे चौकशी आयोगासमोरील जबानीत उघड झाली.

मला त्याहून विषण्ण करतो तो मार्चमधील नागपूरचा एकदिवसीय सामना. संघातील सहकारी हर्शेल गिब्जने वीसपेक्षा कमी धावा कराव्यात व मोबदल्यात 15,000 डॉलर घ्यावेत, असा प्रस्ताव खुद्द कर्णधाराने मांडला. गिब्जने रुकार दिला, मात्र प्रत्यक्षात 74 धावा फटकावल्या. ज्याच्या शब्दावर तरुण खेळाडूंनी निःशंकपणे विसंबावे, त्यानेच दलाली पत्करावी, हा अपराध मला अक्षम्य वाटतो.

एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी क्रोनिएची अशा सौद्यांविषयीची दूरध्वनीवरील संभाषणे उजेडात आणली. क्रोनिएवर आजन्म बंदी आली, आणि रुकार दिल्याबद्दल गिब्ज व अशाच प्रस्तावाला होकार देणारा संघसहकारी हेन्री विल्यम्स यांच्यावर सहा महिन्यांची.