पाचशे रुपयांची नादारी

भोर किंवा वेल्हे तालुक्यातल्या माणसावर सगळे मिळून पाचशे रुपयांचे कर्ज असेल आणि ते फेडण्याची त्याची ऐपत नसेल, तर स्वतःला नादार ठरवून घेण्यासाठी त्याला आजही न्यायालयात अर्ज करता येतो. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाच्या दहाव्या कलमात हा आकडा अजून तसाच उभा आहे. त्या काळी पाचशे रुपये म्हणजे मोठा ऐवज होता. आता वेल्ह्याहून शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयापर्यंत दोन-चार हेलपाटे घातले की तेवढे पैसे वाटेतच संपतात. आकडा कोणी बदलला नाही, कारण तो कायदाच मोडीत निघायचा होता. २०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता मंजूर केली आणि तीत अगदी गरीब ऋणकोसाठी एक स्वतंत्र प्रकरण घातले. ते प्रकरण अजून लागू झालेले नाही. त्यामुळे जुना कायदा जिवंत आहे आणि नवा कागदावर आहे.

हे ज्या पुणे जिल्ह्यात घडते आहे, त्याच जिल्ह्याने एकेकाळी कर्जमुक्तीच्या कायद्याला जन्म दिला होता.

१२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख माणसांपेक्षा दप्तरावर जास्त होता. कर्जरोखे बाहेर काढून जाळले गेले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव पसरले. कारणे बरीच होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, आणि शेतसाऱ्याची फेरआकारणी वाढीव झाली होती. पण शेतकऱ्याला सर्वांत जास्त कोणी नाडले असेल तर मुदतीच्या कायद्याने. दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आली, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी रोखा नवा करून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात घाली. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज धरा. शंभर रुपयांचा रोखा तीन वर्षांनी १७२ चा होतो, सहा वर्षांनी सुमारे २९६ चा आणि नऊ वर्षांनी ५०९ चा. हातात आले शंभर, अंगठा पाचशे नऊवर. दिवाणी न्यायालय शेवटचा रोखा पाहून हुकूमनामा देई, कारण त्याच्या दृष्टीने करार म्हणजे करार.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी दिलासा कायदा आला. त्यातले बारावे कलम मला या विषयातली सर्वांत धाडसी ओळ वाटते. न्यायाधीशाने रोख्यावर थांबायचे नाही. पहिली रक्कम कधी आणि किती दिली तिथपासून व्यवहाराचा इतिहास उलगडायचा, मुद्दल वेगळे काढायचे आणि व्याज वेगळे. व्याजावर व्याज धरायचे नाही. दामदुपटीचा आपला जुना नियम, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त व्याज नाही, हिशेबात आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. महादेव गोविंद रानडे आधी याच कायद्याखाली देखरेखीच्या कामावर होते आणि १८८७ पासून विशेष न्यायाधीश झाले. १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाईपर्यंत त्यांनी ते काम सांभाळले. कर्जबाजारी कुणब्याचे अर्थशास्त्र त्यांनी पुस्तकांइतकेच या खटल्यांच्या कागदांतून वाचले असणार.

पण भोर या कायद्याबाहेर राहिले. कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार इंग्रजी जिल्ह्यांपुरता होता, आणि भोर हे पंतसचिवांचे संस्थान. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे पाच तालुके. प्रचंडगड म्हणजे तोरणा; आजच्या वेल्ह्याचा बराचसा मुलूख संस्थानातच येई. (मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायचे ठरवले, तेव्हा एक संस्थानी नाव परत आले म्हणायचे.) शेजारच्या पुरंदरच्या शेतकऱ्याला जे संरक्षण मिळाले, ते संस्थानच्या रयतेला आपोआप मिळत नव्हते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि हा मुलूख मुंबई प्रांताच्या कायद्यांखाली आला. त्या वेळी प्रांतात १९४७ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा होता. शेतकऱ्याची फेडण्याची ताकद पाहून कर्ज खाली आणायचे, हप्ते बांधायचे, आणि सावकाराने ठरल्या मुदतीत आपला दावा मांडला नाही तर ते कर्जच संपले, असे त्याचे कडक सूत्र होते.

पुढचा मोठा घाव ऑगस्ट १९७५ चा. महाराष्ट्र सरकारने वटहुकूम काढून अल्पभूधारक, शेतमजूर, कारागीर आणि कमी पगाराचे कामगार यांची खासगी सावकारी कर्जे रद्द केली आणि गहाण वस्तू परत करायला लावल्या. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालाने हा कायदा उचलून धरला. बँकांची आणि सोसायट्यांची कर्जे मात्र त्यात नव्हती. अशा एकदाच पाटी पुसणाऱ्या उपायाची मर्यादा उघड आहे. पाटी पुसली तरी आषाढात भाताच्या लावणीला पैसे लागतातच, आणि दुखावलेला सावकार पुढच्या वेळी दार बंद करतो किंवा जास्त दर लावून उघडतो.

त्याच काळात वेठबिगारी निर्मूलनाचाही कायदा झाला: ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम, १९७६ मध्ये अधिनियम. भोर-वेल्ह्याच्या वाड्यांमधल्या कातकऱ्यांच्या दृष्टीने मला तो सगळ्यांत कामाचा वाटतो, आणि त्याचीच माहिती सर्वांत कमी लोकांना असते. कातकऱ्यांचे कर्ज रोख्यावर नसते. ते 'उचल' या रूपात असते. श्रावण-भाद्रपदात घरात दाणा नसतो, आजारपण निघते, तेव्हा मुकादम किंवा भट्टीमालक रोख रक्कम हातावर ठेवतो. दिवाळी झाली की बिऱ्हाड कोळशाच्या किंवा विटांच्या भट्टीवर. आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात, ते मालकाच्या वहीत नावे पडतात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि मालक सांगतो, 'उचल फिटली नाही, पुढच्या साली ये.' वही त्याची, आकडे त्याचे, आणि दुसऱ्याकडे कामाला जायची सोय नाही.

उचलीपायी माणसाला असे बांधून ठेवले जाते, तेव्हा त्या कायद्याचे सहावे कलम सांगते की वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपली. पंधरावे कलम त्याहून नवलाचे आहे. कर्ज वेठीचे आहे हे मजुराने सिद्ध करायचे नाही; ते वेठीचे नाही हे सिद्ध करायचे ओझे मालकावर आहे. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले: माणूस जुलमाने राबतो आहे हे दिसले की त्यामागे उचल असणार असे गृहीत धरावे. दाद मागायची जागा जिल्हाधिकारी आणि प्रांताधिकारी. भोरला प्रांत कचेरी आहे. उपविभागासाठी दक्षता समिती असावी असे कायदाच सांगतो. चौकशीत वेठ दिसली तर मुक्ती प्रमाणपत्र मिळते. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख रुपये आणि बायकांना व मुलांना दोन लाख ठेवले आहेत. त्यातली तातडीची मदत आधी मिळते, मुख्य रक्कम मात्र मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. ही अट म्हणजे उजव्या हाताने देऊन डाव्या हाताने काढून घेणे आहे, कारण खटले वर्षानुवर्षे चालतात.

ज्याच्या नावावर सात-बारा आहे त्याचा प्रश्न वेगळा. धरणे, गडकोट आणि पुण्याची जवळीक यांमुळे इथल्या जमिनीला फार्महाऊसवाल्यांचे गिऱ्हाईक आहे, त्यामुळे तारण म्हणून सावकार साधे गहाणखत मागत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. तोंडी बोली अशी की पैसे फिटले की जमीन परत. कागद मात्र पक्क्या विक्रीचा. इथे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ चे अठरावे कलम उपयोगी पडते. अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांत सावकारीच्या ओघात तारण म्हणून जमीन गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ते खरेदीखत अवैध ठरवू शकतो आणि ताबा परत देववू शकतो. १८७९ च्या बाराव्या कलमाचाच हा नातू म्हणा: कागदावर काय लिहिले यापेक्षा खरोखर काय घडले, हा प्रश्न पुन्हा विचारला जातो.

अर्ज भक्कम होतो तो बारीकसारीक गोष्टींनी. विकल्यानंतरही जमीन मूळ मालकच कसत होता का? खतातली किंमत त्या वेळच्या बाजारभावाच्या पासंगाला तरी पुरते का? त्याच खरेदीदाराच्या नावावर आसपास अशी आणखी किती खते आहेत? दरमहा पैसे पोहोचवल्याच्या खुणा बँकेच्या पासबुकात किंवा मोबाइलवरून केलेल्या भरण्यात आहेत का? खताची सूची क्रमांक दोन, फेरफार आणि सात-बारा जोडून तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जाता येते. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणावर १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के, एवढेच व्याज घेता येते. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, म्हणजे दामदुपट अजून आहे.

बचत गटाच्या धर्तीवर बायकांना आठवडी हप्त्याने कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांना हा कायदा लागत नाही. राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या वित्त कंपन्यांना लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा नको. ऐकले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आणि हुकूमनामा झालाच तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, बाईच्या अंगावरचा धर्मरिवाजाने न उतरवायचा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे आणि राहते घर यांवर जप्ती येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला अटकही करता येत नाही.

राहिली ती २०१६ च्या संहितेतली नवी वाट. ज्याचे वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत आणि माफ होण्याजोगे कर्ज पस्तीस हजारांच्या आत आहे, त्याने अर्ज करावा. १८० दिवस वसुली थांबावी आणि अखेरीस ते कर्ज संपावे, अशी ही योजना आहे. इंग्लंडमध्ये २००९ पासून असाच एक आदेश मिळतो आणि लोक तो वापरतात. आपल्याकडचे आकडे मात्र लागू होण्याआधीच शिळे झाले आहेत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने वर्षात १९३ दिवस काम मिळाले की मजूर मर्यादेबाहेर जातो. शिवाय अर्जदाराच्या मालकीचे घर असता कामा नये. म्हणजे सरकारी घरकुल मिळालेला शेतमजूर बाद, आणि दुसऱ्याच्या जागेवर झोपडी टाकलेला कातकरी पात्र.

तोवर नादारीसाठी १९२० चाच रस्ता आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, त्यात धनकोंची आणि स्वतःच्या चीजवस्तूंची यादी द्यायची. नादार ठरल्यावर मुक्ततेसाठी पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि सरकारी देणे किंवा फसवणुकीने घेतलेले कर्ज त्यातूनही सुटत नाही. वकिलाचा खर्च मात्र टाळता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो; इतरांसाठी महाराष्ट्रात मर्यादा वर्षाला तीन लाखांची. त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही, भोरच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज दिला तरी चालतो.