आजीचे मागणे

वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली की आमची आजी हात जोडून म्हणे, "माते, बुळकांडी दारी येऊ देऊ नकोस!" आम्हां मुलांना त्या शब्दाचे हसू येई. तिच्या माहेरचा भरला गोठा त्या रोगाने एका पावसाळ्यात रिकामा केला होता, हे मला फार उशिरा कळले.

ताप, तोंडात फोड, मग हगवण आणि मरण, असा हा गुराढोरांचा साथीचा रोग. जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तेथेच पुढे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने शेळ्यांच्या शरीरातून विषाणू पुनःपुन्हा नेऊन तो गुरांपुरता सौम्य केला आणि लस सिद्ध केली.

स्वतंत्र भारताने १९५४ साली देशभर टोचणी सुरू केली. साथी ओसरल्या, पण रोग हटेना. टोचणीवाचून राहिलेल्या जनावरांत तो तग धरून राही. अखेर गावोगाव त्याचा शोध सुरू झाला. १९९५ नंतर एकही रोगी जनावर आढळले नाही.

मग सरकारने खरे धाडस केले. टोचणीच थांबवली! लस चालू असेतो रोग खरोखर गेला की नुसता दबला, हे रक्त तपासून कळत नसे. २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त ठरले.

माझ्या नातीला आज तो शब्दही ठाऊक नाही. आजीचे मागणे पुरे झाले, ते असे!