तीन मूर्ती भवनातील यजमानपद आणि इंदिरा गांधी
शासनप्रमुखाच्या घरातील यजमानपदाची नोंद संविधानात नसते. त्यास वेतन वा अधिकारही नसतो. अमेरिकेचे विधुर अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यासाठी त्यांची कन्या मार्था रँडॉल्फ हिने काही काळ ही जबाबदारी सांभाळली. भारतातील ठळक उदाहरण इंदिरा गांधी यांचे होय.

त्या १९३४ मध्ये पुण्यातील शाळेतून मॅट्रिक झाल्या. १९३६ मध्ये मातोश्री कमला नेहरू यांचे निधन झाले. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान पंडित नेहरूंच्या निवासस्थानी पाहुण्यांचे स्वागत, भोजनसमारंभ व शिष्टाचार यांचा भार त्यांच्यावर आला. १९४९ मध्ये त्या वडिलांसमवेत अमेरिकेस, तर १९५५ मध्ये सोव्हिएत रशियास गेल्या. या कार्याची किंमतही त्यांना मोजावी लागली : १९५२ मध्ये खासदार झालेले पती फिरोझ गांधी स्वतंत्र राहू लागले.

इंदिराजी १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा व १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या. हा प्रवास केवळ घराण्याचा वारसा ठरविल्यास यजमानपदातून घडलेले राजकीय शिक्षण दृष्टीआड होते. स्त्रियांच्या अशा विनावेतन श्रमांचे मूल्यमापन राज्यशास्त्राच्या अध्यापनात होणे म्हणूनच आवश्यक ठरते.