आवाज फाटतो तो नेमका कुठे?

१९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या गिटारवादकांना अमेरिकेचे फेंडर अ‍ॅम्प्लिफायर हवे असत, पण ते परवडत नसत. मार्शल यांच्याकडच्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या ‘बेसमन’चं सर्किट जवळपास जसंच्या तसं उचललं आणि ‘जेटीएम ४५’ तयार केला. मात्र जोरात वाजवल्यावर हा अ‍ॅम्प मूळ फेंडरपेक्षा निराळाच गरजू लागला. सर्किट तेच, मग आवाज का बदलला?

त्यासाठी आधी अ‍ॅम्पमधल्या व्हॉल्व्हच्या आत डोकवायला हवं. काचेच्या नळीत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि शेकडो व्होल्टच्या प्लेटकडे धावतात. मधली ग्रिड हा प्रवाह कमी-जास्त करते. गिटारचा क्षीण सिग्नल ग्रिडवर दिला की प्लेटवर तोच मोठा होऊन मिळतो. पण या ताकदीला सीमा आहे. सिग्नल फार वाढला, तर एका टोकाला प्रवाह पार बंद पडतो आणि दुसऱ्या टोकाला ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागते. लहरीचे शेंडे चेपले जातात आणि आवाज फाटतो.

चेपलेल्या लहरीत नवे स्वर जन्माला येतात. गिटारची ‘ए’ तार मोकळी छेडली, तर तिचा मूळ स्वर ११० हर्ट्झचा. तो षड्ज धरला, तर २२० हा वरचा षड्ज, ३३० त्यावरचा पंचम आणि ५५० गंधार. तानपुऱ्यात न छेडता ऐकू येणारा गंधार याच नात्यातला. असे उपस्वर तारेत मुळातच असतात. फाटलेला आवाज त्यांना बळ देतो आणि नवेही घालतो.

व्हॉल्व्हमुळे फक्त मूळ स्वराच्या सम पटीचे गोड स्वर मिळतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. लहरीची वरची आणि खालची बाजू असमान चेपली गेली, की सम पटी उमटतात. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये मात्र शेवटचे व्हॉल्व्ह जोडीने, एकमेकांविरुद्ध काम करतात. तिथे त्यांनी निर्माण केलेल्या सम पटी बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात आणि विषम पटी उरतात. सुरुवातीचे टप्पे आणि शेवटचे व्हॉल्व्ह, दोन्ही ठिकाणचं मिश्रण आपण ऐकतो.

आता पुन्हा हॅनवेलला. बेसमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७ होता. जेटीएममध्ये ईसीसी८३ बसवला, ज्याचा वर्धनांक १०० म्हणजे दुपटीहून अधिक. त्यामुळे पुढचे टप्पे लवकर फाटू लागले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळेल तो घेतला. मागून उघड्या पेटीतले १० इंची चार जेन्सन स्पीकर गेले आणि बंद पेटीत १२ इंची चार सेलेस्टियन आले. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. फाटलेल्या आवाजातली कर्कश किरकिर तिथेच गाळली जाते. हाच आवाज थेट हेडफोनवर ऐकला, तर कानाला टोचतो. म्हणून व्हॉल्व्हच्या नावाने जे कौतुक होतं, त्यातला मोठा वाटा स्पीकरच्या कागदी कोनाचा आहे.

बोटांना जाणवणारी आणखी एक गोष्ट रेक्टिफायरची, म्हणजे घरातल्या एसी विजेचं डीसी करणाऱ्या भागाची. जेटीएममध्ये तोही व्हॉल्व्हच होता. तार जोरात छेडली की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. आघात दबतो आणि स्वर मागाहून फुलतो.

रॉक गिटारवादक षड्ज-पंचमाची जोडी का वाजवतात, याचं उत्तरही इथेच आहे. ११० आणि १६५ हर्ट्झ एकत्र फाटले, की त्यांच्या फरकाचा ५५ हर्ट्झचा स्वर तयार होतो. हा बरोबर खालचा षड्ज, त्यामुळे जोडी भरदार वाटते. गंधार मिसळला, की असे फरकाचे स्वर एकमेकांत अडकून आवाज गढूळ होतो.

१९६६ साली जॉन मेयॉलच्या बँडसोबत रेकॉर्डिंग करताना गिटारवादक एरिक क्लॅप्टनने मार्शलचा अ‍ॅम्प स्टेजवर ठेवतो तेवढ्याच मोठ्या आवाजात ठेवण्याचा आग्रह धरला. स्टुडिओतल्या तंत्रज्ञांना हे पटणं कठीण गेलं, पण हट्ट योग्यच होता. शेवटचे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्यावर ताण आल्याशिवाय तो आवाज निघतच नव्हता. पुढे १९७०च्या दशकात मास्टर व्हॉल्यूम रूढ झाला आणि सुरुवातीचे टप्पे फाडून एकूण आवाज कमी ठेवता येऊ लागला. शेजाऱ्यांची सोय झाली. पण त्यात शेवटचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर जवळपास निवांत राहतात, आणि कान देऊन ऐकणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.