शेवाळावर शेवाळाचाच उतारा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवताना खडकांवर चढणारे केसाळ हिरवे शेवाळ औषधाने मारण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु त्याचे मूळ माशांच्या खाद्यात असते. खाद्यातील नत्र विष्ठेवाटे व कुजण्यातून अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते, जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि खाद्यातलाच फॉस्फरस फॉस्फेट होऊन साठत जातो. ही दोन्ही शेवाळाची खतेच होत. मेलेले शेवाळ टाकीतच कुजले, तर हे खत पुन्हा पाण्यात मिसळते. चाचणीत फॉस्फेट शून्य दिसले तरी निर्धास्त राहू नये, कारण ते शेवाळाने आधीच शोषून घेतलेले असू शकते.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी 1980च्या सुमारास वापरलेला उपाय म्हणूनच विलक्षण वाटतो. मुख्य टाकीबाहेर, प्रखर दिव्याखाली, खरबरीत जाळीवरून पाण्याचा पातळ थर वाहू द्यायचा, तिच्यावर शेवाळ मुद्दाम वाढवायचे आणि ठरावीक काळाने ते खरवडून फेकायचे, म्हणजे शोषलेले नत्र व फॉस्फरस त्याच्यासोबत कायमचे बाहेर जातात. हा दिवा रात्री लावल्यास, अंधारात सजीवांच्या श्वसनाने वाढणारा कार्बन डायऑक्साइड हे शेवाळ वापरते आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे मान, फारसा घसरत नाही. मात्र पोषकद्रव्ये पार शून्यावर आणणे घातक ठरते, कारण प्रवाळाच्या ऊतींत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालांनाही ती थोडी लागतातच.